अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र

सुपेल्यात राहणाऱ्याला घड्याळाची फारशी गरज पडत नाही. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या वेळांना कारखान्याची पाळी बदलते, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे अर्धा तास रस्त्यावरून माणसांचा लोंढा वाहत असतो. माझ्या लहानपणी तो सायकलींचा होता; पुढे मोटारसायकलींचा झाला. एका अंगाला जी. ई. रोड, कलकत्त्याकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रस्ता, आणि दुसऱ्या अंगाला मुंबई-हावडा लोहमार्ग. या दोहोंच्या मध्ये आमची वस्ती. रविवारी बाजार भरला की पाय ठेवायला जागा नसते. उपासनेहून परतताना पांढऱ्या साडीला भाजीवालीच्या टोपलीचा डाग लागला नाही असा रविवार मला आठवत नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये हे सगळे आवाज थांबले. 4 तारखेला पुनरुत्थानाचा रविवार होता. आम्ही दोघांनी तो घरातच साजरा केला. मी स्वयंपाकघरातून गाणे म्हटले, यांनी बाहेरच्या खोलीतून ध्रुवपद धरले. 6 तारखेपासून दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी लागली. मग ऐकू येत राहिले ते दोनच आवाज: मालगाड्यांचा आणि रुग्णवाहिकांचा. पहिला चालू आहे तोवर जग चालू आहे, असे मी स्वतःला सांगत असे. दुसरा कानावर पडला की मी खिडकी लावून घेई.

थोडे मागे जाऊन सांगते. माझे वडील 1958 साली नगरहून फिटर म्हणून येथे आले. सोव्हिएत सरकारशी 1955 मध्ये करार झालेला होता आणि भाताच्या खाचरांतून कारखाना उभा राहत होता. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या गर्दीत वडील होते. ती गोष्ट ते दर नाताळला सांगत, जणू दोन्ही जन्मकथाच. आईने नगरहून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत तीन पुस्तके होती: पवित्र शास्त्र, ‘उपासना संगीत’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. तिन्ही एकाच फळीवर असत आणि तिन्हींवर सारखीच धूळ बसू न देण्याचा तिचा कटाक्ष असे. येथली मंडळी हिंदी. त्यामुळे आमच्या घरची रीतच अशी पडली की पाळकांशी, मंडळीशी, रविवारच्या शाळेतल्या मुलांशी हिंदीत बोलायचे आणि देवाशी मराठीत. आईला तर खात्रीच होती की देवाला नगरकडची मराठी अधिक चांगली कळते.

‘आशा’ या शब्दाशी माझी पहिली अडचण याच घरात झाली. रविवारच्या शाळेत मी विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी पाठ करून येई, आणि शाळेतल्या मराठी गुरुजींकडून नेमके उलट ऐके. संतांच्या वाङ्मयात आशा ही टाकून देण्याची वस्तू. ती तृष्णेची बहीण, पायातली बेडी. सुभाषितकारांनीही तिला साखळीच म्हटले. जो निराश झाला, म्हणजे आशारहित झाला, तोच सुटला! मग आमच्या धर्मात तीच सद्गुण कशी? वडिलांना विचारले तर ते म्हणाले, “तो शब्द त्यांचा, अर्थ आपला.” हे उत्तर मला तेव्हा पटले. पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आले की शब्द असा अर्थावाचून उसना मिळत नाही. ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. पुलावरून येणाऱ्याच्या पायांना अलीकडची माती लागलेलीच असते. आपण ज्याला आशा म्हणतो तिच्यात तृष्णा किती आणि विश्वास किती, हा गुरुजींचा प्रश्न ख्रिस्ती माणसालाही चुकत नाही. मला तो त्या एप्रिलमध्ये चुकला नाही.

यांना 9 तारखेला ताप आला. हे रेल मिलमधून निवृत्त झालेले. देशभरच्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतले कितीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत लाल ओळीसारखे सरकत गेलेले. 12 तारखेला श्वास अपुरा पडू लागला. भिलाईच्या कारखान्यातून त्या दिवसांत देशाच्या निरनिराळ्या भागांकडे द्रवरूप प्राणवायूचे टँकर जात होते, आणि त्याच भिलाईत आम्ही एका खाटेसाठी एका दारातून दुसऱ्या दारी फिरत होतो. यात कुणाला दोष द्यावा असे मला आता वाटत नाही; तेव्हा वाटत होते, आणि फार वाटत होते. अखेर एक खाट मिळाली. आत कुणाला जाऊ देत नव्हते. दारापाशी मी यांचा हात सोडला आणि म्हणाले, “अहो, मी प्रार्थना केली आहे. तुम्ही बरे होऊनच येणार.”

यांनी मुखपट्टी थोडी खाली केली. “तुला कुणी सांगितलं?” म्हणाले, आणि हसले. तेवढेच.

17 एप्रिलच्या पहाटे यांचे निधन झाले. मुलगा पुण्यात, त्याचा स्वतःचाच अहवाल बाधित आला होता. मलाही तोवर ताप भरलेला. दफनाला चार माणसे होती, त्यांतली दोन नगरपालिकेची. पाळकांनी मोबाईलवरून प्रार्थना केली. तिचा अर्धा भाग तुटक ऐकू आला. मी घरातल्या खुर्चीवर बसून तो तुटका भाग जोडून घेण्याचा प्रयत्न करत होते, एवढेच मला आठवते.

त्यानंतरच्या दिवसांत मला प्रार्थना करता येईना. हे लिहायला सोपे आहे. ते कसे असते, सांगणे कठीण. साठ-बासष्ट वर्षांची सवय होती. डोळे मिटले की ओठ आपोआप ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणत. ते अजूनही म्हणत होते. मात्र पुढे दारावर थापच पडत नव्हती. आणि त्याहून वाईट असे की यांचे ते हसू मला आठवे. “तुला कुणी सांगितलं?” खरेच, मला कुणी सांगितले होते? प्रार्थनेची पावती हातात असल्याच्या थाटात मी बोलले होते. माझी ती आशा म्हणजे देवाला दिलेली लाच होती, की गुरुजींची ती तृष्णा?

फोन येत. लोक चांगले होते, मनापासून बोलत होते. प्रत्येकाजवळ एक वचन असे. देवाची योजना असते, तो चांगल्यांना आधी बोलावतो, सगळे शेवटी हिताचेच असते. मी ‘हो’ म्हणे आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे पाहून रागाने थरथरत असे. मग एका संध्याकाळी मला आठवले की हीच वाक्ये मी स्वतः तीस वर्षे वाटत आले आहे. रविवारच्या शाळेत एक मुलगी होती. तिचा धाकटा भाऊ तापाने गेला. पुढच्या रविवारी वर्गात सगळ्यांसमोर तिने विचारले की आपण तर प्रार्थना केली होती, मग असे का? माझ्याजवळ उत्तर तयार होते. देवाला त्याच्या बागेत एक फूल हवे होते, असे काहीसे मी सांगितले. ती खाली बसली. मला वाटले, समजली.

ती आता कुठेतरी कोरबाकडे परिचारिका आहे. तिचा फोन आला तेव्हा मी ‘हो’ म्हणायच्या तयारीने घेतला. ती म्हणाली की मी काही बोलणार नाही, फक्त थोडा वेळ फोन चालू ठेवते. दहा-बारा मिनिटे तिने तो तसाच चालू ठेवला. मागे भांडी वाजत होती, कुणीतरी तिला हाक मारली, तिने हळूच ‘आले’ म्हटले. मग तिने फोन ठेवला. तिने मला क्षमा केली होती, की तीस वर्षांपूर्वीचे उत्तर परत केले होते, हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही.

आमच्या शेजारणीचे कुटुंब सतनामी. ती कोपऱ्यावर भाजी विकते. त्या काळात दुकान बंद, तरी कुठून कुठून आणून फाटकाला पिशवी अडकवून जाई. एकदा पितळेच्या भांड्यात बासी ठेवून गेली: रात्रीचा भात पाण्यात मुरवलेला, वर कांदा आणि मिरची. उन्हाळ्यात छत्तीसगडी माणूस याच अन्नावर उभा राहतो. मी दोन दिवस जेवले नव्हते, हे तिला उष्ट्या भांड्यांच्या आवाजावरून, म्हणजे तो न आल्यावरून कळले असावे. फाटकापलीकडून ती ओरडली, “खा ले दीदी, नइ त ताकत कहाँ ले आही?” ताकद येणार कुठून, हा तिचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. मी जेवले. त्या दिवसांतले माझे पहिले प्रभुभोजन ते, असे म्हणण्याचा मोह होतो; पण तिच्या भाताला माझी उपमा चिकटवण्याचा मला अधिकार नाही. तो भात होता, आणि मला भूक लागली होती.

पवित्र शास्त्र मी उघडत नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ उघडले. आईच्या वेळची ती प्रत, पाठीचा कणा निखळलेली. मला हवे होते ते पान शोधायला वेळ लागला नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ती वार्ता लक्ष्मीबाईंपर्यंत पोहोचली, तो भाग. लहानपणी आई हा भाग वाचताना शेवटाकडे पाहून वाचत असे, म्हणजे पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती होणार हे ठाऊक असल्याच्या निश्चिंतपणाने. आम्हा ख्रिस्ती घरांत ते पुस्तक असेच वाचले जाते. मी प्रथमच ते शेवट ठाऊक नसल्यासारखे वाचले. नवरा जिवंत आहे आणि तरी गेला आहे. माणसे सांत्वनाला येतात आणि त्यांच्या सांत्वनानेच जीव नकोसा होतो. आणि हे दोन-चार दिवसांचे नव्हे, पाच वर्षांच्या आसपासचे. त्या वर्षांत त्यांना पुढचे काय दिसत होते? काहीच नाही. बाईंनी ते दुःख लिहितानाही विनोद सोडला नाही, याचे सगळे कौतुक करतात. मला त्या वेळी कौतुक वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. त्या वर्षांना त्यांनी नंतरच्या वर्षांची पायरी केले नाही. ती वर्षे जशी होती तशीच ठेवली.

टिळकांच्या कथेची सुरुवात आमच्याच बाजूला झाली, हे येथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनाही पुष्कळदा ठाऊक नसते. 1893 साली टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. गाडीत एक युरोपीय प्रवासी भेटला, संस्कृत काव्यावर बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही त्याने भाकीत केले. तो प्रवासी अनामच राहिला. राजनांदगावात टिळक ते पुस्तक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. सुपेल्याहून राजनांदगाव रेल्वेने तासाभराचेही नाही. त्याच मार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज मी जन्मभर ऐकत आले.

अनाम प्रवाशाच्या भाकिताचा वडिलांना फार अभिमान. मला मात्र आता त्यात यांचे हसू दिसू लागले. ‘तुला कुणी सांगितलं?’ त्या प्रवाशाचे भाकीत खरे ठरले म्हणून आपण ते सांगतो. किती गाड्यांतून किती भाकिते खोटी ठरली असतील! आणि ज्या स्त्रीला त्या खऱ्या ठरलेल्या भाकिताची किंमत मोजावी लागली, ती तेव्हा त्या डब्यात नव्हती.

मे महिन्याच्या अखेरीस शास्त्र उघडले, ते स्तोत्रसंहितेवर. तेविसावे स्तोत्र मी मुद्दाम ओलांडले. ते पाठ आहे, आणि पाठ असलेले वाचता येत नाही. अठ्ठ्याऐंशीव्यापाशी आले. हेमान एज्राही याच्या नावावरचे हे स्तोत्र. विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. पण बहुतेक सर्व शेवटी वळण घेतात, रडता रडता स्तुतीकडे येतात. हे येत नाही. मित्र दुरावले, आप्त दुरावले, तू मुख लपवलेस, असे म्हणत म्हणत ते अंधारापाशी थांबते. मूळ इब्री पाठात शेवटचा शब्दच अंधाराचा आहे. तीस वर्षांत मी हे स्तोत्र मुलांना एकदाही शिकवले नव्हते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने मात्र ते शुभ शुक्रवारच्या सायंकाळसाठी नेमून ठेवले आहे. ज्यांनी ते नेमले त्यांना काहीतरी ठाऊक असावे.

मी ते मोठ्याने वाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यात मला दिलासा मिळाला असे मी म्हणणार नाही. एवढेच लक्षात आले की हा माणूस अगदी शेवटच्या ओळीपर्यंत ‘तू’ म्हणतो आहे. कुणी ऐकत असल्याची खूण त्याला मिळालेली नाही. तरी त्याने ‘तू’चा ‘तो’ केलेला नाही. माझी प्रार्थना ‘तुला कुणी सांगितलं?’पाशी अडली होती. तो प्रश्नही ‘तू’नेच सुरू होत होता. जूनमध्ये केव्हातरी मी तोच प्रश्न देवाला विचारू लागले. ती माझी प्रार्थना म्हणून चालली असावी, कारण दुसरी कोणतीही चालत नव्हती.

याच सुमारास मला पंडिता रमाबाई पुन्हा आठवू लागल्या. 1874 च्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली; 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पटकीने पती. 1897 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, म्हणजे आमचा हा मुलूख ज्या प्रांतात होता त्याच प्रांतात, आणि भुकेने वाळलेल्या मुलींना घेऊन केडगावला गेल्या. स्वतः उपाशी राहिलेल्या मुलीनेच त्या मुलींना ओळखले, असे मला वाटते. पुढे त्या इब्री आणि ग्रीक शिकून संबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. खिळे जुळवायला मुक्ती मिशनच्याच स्त्रिया. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, ग्रंथ बाहेर पडला 1924 मध्ये. मुलगी गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत, मुद्रिते तपासताना, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र त्यांच्या डोळ्यांखालून पुन्हा गेले असेल काय? गेले असेल तर त्या तेथे थांबल्या असतील, की एखादी वेलांटी दुरुस्त करून पुढे गेल्या असतील? मला दुसरी शक्यता अधिक आवडते.

डिसेंबरात मुलगा आला तेव्हा त्याला घेऊन राजनांदगावला गेले. पाहण्यासारखे तेथे फारसे नव्हतेच. टिळकांची खूण कुठे सापडेल अशी अपेक्षा नव्हती. मुक्तिबोधांची मात्र आहे: मातृभाषा मराठी, कविता हिंदीत, आणि आयुष्याची शेवटची वर्षे दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन. मुलगा म्हणाला, “आपल्यासारखेच. बोलायचं एकीत, लिहायचं दुसरीत.” परतताना फलाटावर गाडीची वाट पाहत बसलो. गाडी चाळीस मिनिटे उशिरा होती. यांची सवय होती, रूळ दिसला की तो कोणत्या वर्षाचा हे त्यावरच्या ठशावरून वाचायचे. मुलगा फलाटाच्या कडेला वाकून तेच करत होता, आणि त्याला कळत नव्हते की मी पाहते आहे.

2022 मध्ये पुनरुत्थानाचा रविवार 17 एप्रिलला आला. दिनदर्शिका पाहून मी बराच वेळ गप्प राहिले. आमच्याकडे त्या दिवशी पहाटे दफनभूमीत उपासना होते. अंधार असतानाच जायचे, कबरी धुवायच्या, मेणबत्त्या लावायच्या. शेजारीण म्हणाली, मीही येते. तिला तेथे काय असते ठाऊक नव्हते. एकटी जाऊ नये एवढेच तिचे म्हणणे.

वारा होता. मेणबत्त्या सारख्या विझत होत्या आणि माणसे एकमेकांच्या ज्योतीवरून पुन्हा लावून घेत होती. पाळकांनी हिंदीत घोषणा केली, मंडळीने प्रतिसाद दिला. माझा आवाज फुटला नाही. शेजारणीने हळूच विचारले, “का कहत हें दीदी?”

मी सांगितले, प्रभू उठला आहे असे म्हणताहेत.

तिने यांच्या कबरीकडे पाहिले. फरशी अजून ओली होती. मग अगदी सरळपणे, एखाद्या गाडीची चौकशी करावी तसे विचारले, “अउ भैया?”

“अभी नहीं,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. पदराआडून स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. त्यात बोहारची भाजी होती, चिंच घातलेली, अजून कोमट. दूर लोहमार्गावरून मालगाडी चालली होती, आणि सहाच्या पाळीची माणसे रस्त्यावर दिसू लागली होती.